लुगड्याचा रंग कोण निवडतें?

घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे बायकामंडळींबरोबर कापडाच्या दुकानीं जाऊन बसण्याचा व शेवटीं पैसे मोजण्याचा अधिकार आमच्याकडे चालत आलेला आहे. गेल्या खेपेस असाच प्रसंग होता. आमच्या आत्याबाईंना अंजिरी रंगाची साडी हवी होती. दुकानदारानें गादीवर पंधरा-वीस साड्या भराभर उलगडल्या. त्यांत राखी होती, फिकट हिरवी होती, गुलाबाची लाली धुऊन काढल्यासारखी एक होती. अंजिरी मात्र नव्हती. आत्याबाईंनीं पुन्हा विचारलें, तेव्हां तो अदबीनें म्हणाला, "मावशी, तो रंग यंदा नाहीं. यंदा हे रंग चालू आहेत." आत्याबाईंनीं निमूटपणें राखी साडी घेतली, आणि घरीं आल्यावर ‘ही मीच पसंत केली’ असें सर्वांस कौतुकानें सांगितलें.

त्या सांगण्यांत खोटें कांहींच नव्हतें. तरी तें पुरतें खरेंहि नव्हतें. वीस साड्यांतून एक त्यांनीं निवडली हें खरें. पण त्या वीस कोणीं निवडल्या? दुकानदाराला विचारावें तर तो ठोक व्यापाऱ्याकडे बोट दाखवितो, ठोक व्यापारी विणणाराकडे, आणि विणणारा सुताच्या रंगाऱ्याकडे. ‘यंदा’ या एका लहानशा शब्दामागें केवढा इतिहास दडलेला आहे, हें पाहण्यासाठीं आम्ही सवडीनें वाचूं लागलों, आणि इरकलच्या मागापासून निघून लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क असे भटकत गेलों. त्या भटकंतींत जें हातीं लागलें तें वाचकांस सादर करितों.

पूर्वीं हा प्रश्न फारसा उद्भवतच नसे, कारण रंगांची पहिली निवड झाडें करून ठेवीत. नीळ, आल, मंजिष्ठ, कुसुंबा, हळद, पळसाचीं फुलें, डाळिंबाची साल, हिरडा आणि किड्यांची लाख एवढ्या सामुग्रींतून जें निघेल तेंच लुगड्यावर यावयाचें. इरकली लुगड्याचेंच उदाहरण घ्या. इलकल हें पूर्वींच्या विजापूर व आतांच्या बागलकोट जिल्ह्यांतील गांव. तेथील लुगडीं महाराष्ट्रांत घरोघर नेसलीं जात. त्यांचें अंग बहुधा सुती आणि निळें, पदर रेशमी आणि तांबडा. हा जोड कोणा रसिकानें मनांत योजून बसविला असें पाहणारास वाटतें. आम्हांसहि वाटत असे. पण त्यांतला पुष्कळ भाग रसायनाचा आहे. सूत निळीच्या रांजणांत बुडवावें आणि बाहेर काढावें, कीं वारा लागतांच तें निळें होऊं लागतें. तांबडा रंग मात्र तें असा सुखासुखीं घेत नाहीं. त्यासाठीं तेल, तुरटी आणि आल यांची कित्येक दिवसांची खटपट करावी लागे. उलट रेशमाला तांबडा रंग थोड्या श्रमांत लागतो आणि वर झळाळीहि चढते. तेव्हां निळें अंग आणि तांबडा पदर ही निवड अर्धी विणकराची, अर्धी सुताची आणि रेशमाची.

त्या रंगांचीं नांवें पाहा: अंजिरी, डाळिंबी, आमसुली, श्रीखंडी, मोतिया, पोपटी, अबोली, मोरपंखी. निम्मीं स्वयंपाकघरांतलीं, निम्मीं परसांतलीं. ज्या बाईनें आमसूल हातांत धरलें आहे तिला आमसुली रंग दाखवावा लागत नाहीं. नांव आणि वस्तु यांचें असें साहचर्य होतें, म्हणून आत्याबाई नमुना न दाखवितां नुसता ‘अंजिरी’ म्हणूं शकल्या.

परंतु जुन्या काळीं सर्व निर्मळ होतें असें म्हणून उसासे टाकणारांच्या पंगतीस आम्ही बसत नाहीं. आलेचीच गोष्ट घ्या. आल ही एका झाडाची मुळी. काळ्या जमिनींत तिची लागवड करून तीन-चार वर्षें थांबावयाचें, मग जमीन खोल खणून मुळ्या काढावयाच्या. मुळी जितकी बारीक तितका रंग चांगला. हिशेबाच्या वह्या ज्या खारव्यांत बांधीत तो खारवा याच रंगाचा. त्याला वाळवी लागत नाहीं अशी समजूत होती. आणि आमच्याकडे सोवळ्या विधवेला जें आलवण नेसावें लागे त्याच्या नांवांतच ही आल बसलेली आहे. सवाष्णीचा हौसेचा कुसुंबी रंग दोन-चार धुण्यांत उतरून जाई व पुन्हा रंगाऱ्याकडे धाडावा लागे. आणि जिला रंग निवडण्याचा हक्कच ठेविला नव्हता तिच्या वांट्याला मात्र सर्वांत पक्का, मरेपर्यंत न उतरणारा रंग आला! झाडांनीं एक मर्यादा घातली होती. तिच्या आंत रूढीनें दुसरें कुंपण घातलें होतें, आणि तें अधिक उंच होतें.

युरोपांतहि १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत थोड्याफार फरकानें हाच प्रकार होता. १८५६ सालीं विल्यम पर्किन नांवाचा १८ वर्षांचा विद्यार्थी ईस्टरच्या सुटींत घरच्या प्रयोगशाळेंत डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून क्विनीन करावयास बसला. हातीं आला काळा गाळ. तो मद्यार्कांत विरघळवितांच सुरेख जांभळा रंग दिसला. शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट बहुधा येथेंच संपते. आम्हांला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पर्किननें त्या रंगांत बुडविलेल्या रेशमाचा तुकडा स्कॉटलंडांतील पर्थ येथील पुल्लर या नामांकित रंगाऱ्यांकडे पाठविला. त्यांचें उत्तर आलें त्याचा आशय असा कीं, माल फार महाग होणार नसेल तर हा शोध मोठा मोलाचा आहे. कारण या रंगाला मागणी आहे, पण रेशमावर तो पक्का मिळत नाहीं. म्हणजे मागणी आधींपासून होती! त्याच सुमारास फ्रान्समध्यें दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींपासून काढलेला जांभळा रंग डौलानें मिरवूं लागला होता, आणि सम्राज्ञी युजेनीला तो आवडे. जानेवारी १८५८ मध्यें राणी व्हिक्टोरिया आपल्या ज्येष्ठ कन्येच्या लग्नांत याच छटेचा पोषाख करून आली. तो पोषाख पर्किनच्याच रंगाचा होता असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. परंतु पर्किनचा कारखाना तेव्हां नुकता कोठें चालूं लागला होता, आणि तो रंग फ्रेंच असण्याचाच संभव आम्हांला अधिक वाटतो. कसेंहि असो, राण्यांनीं रंग धारण केला आणि कारखाना पर्किनचा भरभराटला. १८५९ मध्यें ‘पंच’ या विनोदी पत्रानें लंडनच्या बायकांना जांभळ्या रंगाचा गोंवर झाला आहे अशी थट्टा केली.

त्याच वर्षीं लिओं येथील व्हेर्गॅं या रसायनज्ञानें जांभळट तांबडा रंग काढला. फुक्सिया फुलावरून त्याला प्रथम फुक्सीन म्हणत. पण ४ जून रोजीं इटलींत मॅजेंटा या गांवीं फ्रेंच सैन्यानें ऑस्ट्रियाचा पराभव केला, आणि रंगाला त्या रणभूमीचें नांव चिकटलें तें आजतागायत सुटलेलें नाहीं. वीस दिवसांनीं सोल्फेरिनोची लढाई झाली. तिचेंहि नांव अशाच एका छटेस मिळालें. सोल्फेरिनोच्या जखमींची जी दैना पाहून आंरी द्युनां याला रेडक्रॉसची कल्पना सुचली, त्याच मैदानाच्या नांवानें बायका रेशीम मागूं लागल्या. अंजीर आणि आमसूल यांच्या ठिकाणीं आतां लढाया आल्या. रंगाचें नांव घरांतून सुटून वर्तमानपत्रांत गेलें, असें आम्ही म्हणतों तें याच अर्थानें. आणि वर्तमानपत्रांतली गोष्ट दुसऱ्या वर्षीं शिळी होणारच.

आतां रंग पाहिजे तितके झाले. मग त्यांतले कोणते घ्यावयाचे हें ठरविणारा कोणी तरी हवा. १८५८ मध्यें चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रजानें पॅरिसांत शिवणघर काढलें, आणि गिऱ्हाइकानें कापड आणावें व शिंप्यानें शिवावें ही चाल पालटून, कापड, रंग, बेत सर्व आपण ठरवावें व बाईनें तें नेसावें ही नवी चाल पाडली. युजेनी त्याची गिऱ्हाईक झाली. तिच्या अंगावरचा रंग हा केवळ तिच्या आवडीचा विषय नव्हता. लिओंच्या रेशमी मागांना काम मिळावें म्हणून जड जरीकामाचे पोषाख तिला घालावे लागत. त्यांना ती ‘राजकीय पोषाख’ म्हणे. सम्राज्ञीचीहि निवड शेवटीं मागवाल्यांच्या पोटाशीं जाऊन भिडत होती! १८६३ च्या सुमारास ती हिरव्या रेशमी पोषाखांत पॅरिसच्या संगीतगृहांत आली त्याची मोठी चर्चा झाली. कारण असें कीं, एरव्हींचे हिरवे रंग गॅसच्या दिव्याखालीं निळसर दिसत. हा नवा रासायनिक हिरवा मात्र रात्रींहि हिरवाच राहिला. रंग कोणत्या उजेडांत पाहिला जाणार हेंहि निवडीच्या वेळीं मनांत धरावें लागतें. दुकानाच्या दिव्याखालीं पसंत केलेलें लुगडें दारांत उन्हाला नेऊन पाहणाऱ्या आमच्या आजीला हें शास्त्र कोणीं शिकविलें होतें कोण जाणे.

या नव्या हिरव्याच्या आधीं जो झगझगीत हिरवा युरोपांत चाले तो सोमलाचा. १८१४ पासून तो कारखान्यांत होत असे व कापडांवर, भिंतींच्या कागदांवर आणि बायकांच्या केसांत माळावयाच्या कृत्रिम पानाफुलांवर त्याची भुकटी बसवीत. नोव्हेंबर १८६१ मध्यें लंडनमध्यें अशीं पानें करणारी मॅटिल्डा शूरर ही १९ वर्षांची मुलगी त्या भुकटीच्या विषानें मेली. तिच्या डोळ्यांतील पांढऱ्या भागावर हिरवी झांक आली होती असें तेव्हांच्या वृत्तांतांत आहे. मुकुटांत तीं पानें खोवून नाचास जाणाऱ्या बायका दुष्ट होत्या असें मुळींच नाहीं. त्यांनीं फक्त हिरवा रंग निवडला होता.

आमच्या देशाचा संबंध येथून जवळ येतो. १८६८ मध्यें ग्रेबे आणि लिबरमान या जर्मन रसायनज्ञांनीं मंजिष्ठाच्या मुळींतील रंगद्रव्य डांबरापासून तयार केलें. दुसऱ्या वर्षीं तें स्वस्तांत करण्याची रीति निघाली. अलिझरीन म्हणून तें डब्यांतून हिंदुस्थानच्या बाजारांत आलें, आणि तीन-चार वर्षें जमिनींत वाढणाऱ्या आलेला तें ऐकेना. आलेचे मळे मोडले. नीळ अधिक काळ टिकली. बायर यानें १८८० मध्यें ती प्रयोगशाळेंत करून दाखविली तरी ती स्वस्त करावयास आणखी १७ वर्षें लागलीं; १८९७ मध्यें जर्मनींतील बाडिश कंपनीची कृत्रिम नीळ बाजारांत आली. त्या सुमारास हिंदुस्थानांत १६-१७ लाख एकरांवर नीळ होती. १९१४ पर्यंत ती दोन लाखांच्या आसपास येऊन ठेपली. हें वाचून निळे करणारांचे अश्रु पुसावयास कोणी धांवेल तर त्यानें बिहारांतील चंपारण्याकडे पाहावें. तेथें ‘तीनकठिया’ पद्धतीनें कुळाला बिघ्यामागें तीन कठ्ठे जमिनींत नीळ लावणें भाग असे. जर्मन निळीमुळें मळेवाल्यांना तो धंदा परवडेना, तेव्हां त्यांनीं ही सक्ति उठविण्याबद्दलच कुळांकडून वाढीव सारा अथवा एकरकमी ‘तावान’ वसूल केला. सक्ति जाचक खरीच. तिच्यांतून सुटण्याचीहि किंमत कुळानेंच द्यावयाची! १९१७ मध्यें गांधीजी तेथें गेले, आणि १९१८ च्या कायद्यानें ती पद्धति बंद झाली.

एवढी रंगांची रेलचेल झाल्यावर नवीच अडचण उभी राहिली, ती जुळणीची. एकेकटा रंग सुंदर असून भागत नाहीं. शव्हरल हा फ्रेंच रसायनज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लॅं या सरकारी विणकामशाळेंत रंगविभागाचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी विणकरांची तक्रार आली. त्यानें तपासून पाहिलें तों काळ्यांत कांहीं दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या रंगांमुळें तो तसा दिसत होता. त्यावरून शेजारचे रंग एकमेकांस कसे पालटतात याचा अभ्यास करून त्यानें १८३९ मध्यें ग्रंथ लिहिला, आणि कोणत्या वर्णाच्या स्त्रीस कोणता रंग खुलेल याचाहि त्यांत विचार केला. येवल्याचा विणकर काठाला आणि अंगाला विरोधी रंग देतो, धूपछांव विणतांना ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घालतो, तेव्हां तो हेंच करीत असतो. त्यानें ग्रंथ लिहिला नाहीं इतकेंच.

पण विणकराच्या एका मागावरचा मेळ निराळा, आणि हजारों कारखान्यांचा मेळ निराळा. टोपी एका गांवीं होते, हातमोजे दुसऱ्या, बुटांचें चामडें तिसऱ्या, झग्याचें रेशीम चवथ्या. बाईच्या अंगावर हें सर्व एकत्र येतें, आणि तेथें टोपीचा निळा व झग्याचा निळा एकमेकांशीं भांडूं लागले तर दोन्ही माल पडून राहतात. यासाठीं फ्रान्समध्यें हंगामापूर्वींच रंगांचीं पत्रकें निघूं लागलीं: रंगीत रेशमाच्या चिंध्या ओळीनें चिकटविलेल्या, खालीं नांवें. अमेरिकेचे कारखानदार तीं मागवून घेत व रंगद्रव्यें जर्मनीहून आणीत. १९१४ मध्यें महायुद्ध पेटलें आणि दोन्हीं वाटा अडल्या. रंगांचा एवढा दुष्काळ पडला कीं, जुलै १९१६ मध्यें ‘डॉइचलांड’ नांवाची जर्मन व्यापारी पाणबुडी इंग्रजांचा वेढा चुकवून बाल्टिमोरला पोंचली, ती रंगद्रव्यें भरून!

या अडचणींतून अमेरिकेच्या कापडधंद्यांतील मंडळींनीं १९१४-१५ मध्यें रंगपत्रकांची स्वतःची संस्था काढली आणि १९१५ मध्यें शंभराहून कांहीं अधिक रंगांचें पहिलें प्रमाणपत्रक छापलें. प्रत्येक रंगाला नांव आणि क्रमांक. व्यापाऱ्यानें तारेनें क्रमांक कळविला कीं हजार मैलांवर तोच रंग तयार. १९४१ च्या नवव्या आवृत्तींत हे रंग २१६ झाले होते. यांखेरीज दर हंगामाचें निराळें पत्रक असे, आणि आमच्या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें त्या पत्रकांत आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून तीस वर्षांहून अधिक काळ हें काम मार्गारेट हेडन रोर्क या बाईंच्या हातीं होतें. त्या पूर्वाश्रमींच्या नटी व स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झटलेल्या. १९३० नंतरच्या दशकांत पॅरिसला राहणारी बेटिना बेडवेल ही अमेरिकन वार्ताहर त्यांना तेथील बातमी पुरवी: शिवणघरांत काय शिवलें जात आहे, कोणत्या छटेकडे मोठ्या घरच्या बायका वळत आहेत. रोर्कबाई त्या बातम्या, कापडाचे तुकडे आणि कारखानदारांच्या अडचणी यांचा मेळ घालून येत्या हंगामाचे रंग ठरवीत. एका टेबलावर ठेवलेल्या त्या चिंध्यांतून जी वगळली गेली, तिचा रंग देशभरच्या दुकानांत बाईला शोधूनहि मिळण्याची शक्यता थोडी.

यावरून कोणी म्हणेल कीं, हा तर उघड उघड जुलूम झाला. आम्हांला तसें सरसकट म्हणवत नाहीं. पत्रकामुळें गरीब नोकरदार मुलीलाहि आपल्या स्वस्त टोपीशीं जुळणारे हातमोजे मिळाले. पूर्वीं ही चैन वर्थच्या गिऱ्हाइकांची होती. शिवाय पत्रकांतला रंग बायकांनीं उचललाच पाहिजे असा कायदा नाहीं, आणि विकला न गेलेला माल हें एक प्रकारचें मतदानच आहे. तक्रार आहे ती निराळी. आलवण नेसविणारी रूढि आपलें नांव सांगत होती. तिच्याशीं भांडतां आलें, आणि लोक भांडले. ‘यंदा’ या शब्दाशीं भांडावें तर समोर कोणी उभाच नसतो.

पुढें हीच पद्धति राष्ट्रांराष्ट्रांत पसरली. १९६३ मध्यें पॅरिसला ‘इंटरकलर’ हें आंतरराष्ट्रीय मंडळ निघालें. निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधि वर्षांतून दोनदां जमून सुमारें दोन वर्षांनंतरच्या हंगामाच्या रंगांवर एकमत करितात. आगाऊ दोन वर्षें कां, तर सूत रंगवावयाचें, विणावयाचें, शिवावयाचें आणि दुकानांत पोंचवावयाचें म्हणून. आमच्या गल्लींतील दुकानाच्या गादीपर्यंत अशा बैठकीचा वारा किती हातांतून फिरून येतो याचा हिशेब मांडणें कठीण आहे. पण आत्याबाईंच्या नातीच्या लग्नाची बोलणीहि सुरू नव्हतीं, तेव्हांच कोठें तरी राखी रंगाची चिंधी पत्रकावर चिकटविली गेली असल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं.

शेवटीं एका पोषाखाचा उल्लेख करावासा वाटतो. ३ जून १९३७ रोजीं फ्रान्समधील कांदे येथील वाड्यांत, इंग्लंडचें सिंहासन सोडून आलेल्या एडवर्डशीं वॉलिस सिम्प्सन यांचें लग्न झालें. त्यांचा पोषाख मेनबोशर या शिवणकारानें केला, आणि त्यांच्या डोळ्यांशीं जुळणारा फिका निळा रंग खास त्यासाठीं योजला. त्याला ‘वॉलिस निळा’ असें नांव पडलें. थोड्याच दिवसांत त्या पोषाखाच्या स्वस्त नकला अमेरिकेच्या दुकानांत लागल्या. मूळ पोषाख १९५० मध्यें न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळाला. तो आजहि तेथें आहे, पण त्याचा निळा रंग उडून गेला आहे. राहिलें आहे तें मळकट सायीच्या रंगाचें रेशीम.

आत्याबाईंच्या पेटींत त्यांच्या आईचें एक इरकली लुगडें आहे. परवां राखी साडी ठेवण्यासाठीं पेटी उघडली तेव्हां तें बाहेर निघालें. काठ विरले आहेत, पदराचें रेशीम घडीवर तुटूं लागलें आहे, आणि निळा रंग गुडघ्यापाशीं, जेथें बसतां-उठतां घर्षण होई तेथें, बराच उतरला आहे. आत्याबाईंनीं तें उन्हांत धरून पाहिलें, पुन्हा घडी घातली, आणि राखी साडी त्याच्या खालीं ठेवली.